आधी डोकी मोजा, मग वर्गणी

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की आपल्या बाजारांत आणि कारखान्यांत एक चर्चा सुरू होते. "यंदा सगळे मिळून कुठे तरी जाऊ या." गल्लीतले दुकानदार, एका कारखान्यातले कारागीर, एखाद्या व्यापारी मंडळाचे सभासद एकत्र येतात. पूर्वी अशी मंडळी बस करून जात असत. अलीकडे मुंबई, भिवंडी, पनवेल, महाड, चिपळूण या भागांत एक अख्खी बोट दिवसभरासाठी भाड्याने घेण्याकडे कल वाढलेला दिसतो. मुंबईकर बंदरात फेरी मारतात किंवा मांडव्याला उतरतात. कोकणातले लोक खाडीतून फिरतात. बरोबर शिजवलेली देग असते, बायका-मुले असतात, म्हातारी माणसे असतात.

या प्रथेला आमचा विरोध नाही. वर्षभर मशीनवर मान मोडून बसणाऱ्या माणसाला एक दिवस मोकळी हवा मिळाली तर त्यात वाईट काहीच नाही. गल्ल्यावर बसणारा आणि त्याचा माल शिवणारा एका सतरंजीवर बसून जेवतात, ही गोष्ट तर धंद्यालाही उपकारक आहे. आम्हाला बोलायचे आहे ते वेगळ्याच बाबतीत. दुकानात पाच हजारांचा माल घेताना आपण तो उलटून पालटून पाहतो, पावती मागतो, उधारी वहीत लिहितो. आणि पन्नास माणसांचा जीव ज्या बोटीत बसवायचा तिचा सौदा मात्र फोनवर, "बोट चांगली आहे ना? मग झाले" एवढ्यावर उरकतो. आमचे स्पष्ट मत असे की बोट भाड्याने घेणे हा पुरा व्यापारी व्यवहार आहे, आणि ज्याच्या हाती लोकांनी पैसे दिले त्याच्याकडे पैशांबरोबर त्यांचे जीवही अमानत म्हणून आलेले असतात.

सदुसष्ट रुपयांचा प्रश्न

सगळा धोका कुठून सुरू होतो, हे व्यापाऱ्याला एका हिशेबात समजेल. बसची सहल असो वा बोटीची, खर्चाचे दोन भाग असतात. जेवण, चहा, नाश्ता हा खर्च माणसागणिक वाढतो. बोटीचे भाडे मात्र ठोक असते. माणसे चाळीस असोत की साठ, भाडे तेवढेच.

समजा, बोटीचे दिवसाचे भाडे वीस हजार रुपये ठरले आणि तिच्या दाखल्यावर पन्नास प्रवाशांची परवानगी आहे. पन्नास माणसे नेली तर माणशी चारशे रुपये पडतात. साठ नेली तर माणशी तीनशे तेहतीस. म्हणजे दहा माणसे जास्त कोंबून प्रत्येकाचे वाचले किती, तर सदुसष्ट रुपये. एका माणसाच्या साध्या नाश्त्याचे पैसे! पण वर्गणी गोळा करणाऱ्याला हा आकडा फार गोड वाटतो. "वर्गणी कमी ठेवली" म्हणून चार लोक त्याला शाबासकी देतात. शिवाय शेवटच्या दिवशी कोणाचा मेहुणा येतो, कोणाचा भाचा येतो, आणि नाही म्हणणे जिवावर येते. बोट भरत जाते.

आमचा आग्रह असा आहे की हिशेब उलटा करावा. आधी बोटीचा दाखला पाहावा, त्यावरचा आकडा घ्यावा, त्यातून निदान दहा टक्के जागा रिकाम्या सोडाव्यात, आणि उरलेल्या माणसांत भाडे वाटावे. वरच्या उदाहरणात पंचेचाळीस माणसे धरली तर माणशी चारशे चव्वेचाळीस रुपये येतात. ज्याला हे परवडत नाही त्याच्यासाठी मंडळाने किंवा मालकाने वेगळी सोय करावी. पण वर्गणी उतरवण्यासाठी डोकी वाढवणे हा मार्ग कायमचा बंद झाला पाहिजे.

आणि डोकी म्हणजे सगळी डोकी. आपल्याकडे कडेवरचे मूल मोजत नाहीत, आठ-दहा वर्षांचे मूल "अर्धे" धरतात. ही एस.टी.च्या तिकिटाची सवय झाली. पाण्याला अर्धे तिकीट माहीत नाही. तान्हे बाळसुद्धा यादीत एक माणूस म्हणून लिहावे.

घडलेल्या गोष्टींचा धडा

आम्ही उगाच घाबरवतो आहोत असे कोणाला वाटू नये, म्हणून काही घटना येथे देतो.

कोकणातल्या जुन्या घरांत 'रामदास' बोटीचे नाव आजही निघते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ही आगबोट खवळलेल्या समुद्रात काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. तोंडावर सणाचा दिवस होता, घरी जाणाऱ्यांची गर्दी होती, आणि पावसाळा भर रंगात होता.

३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या तलावात सहलीची बोट उलटली, पंचेचाळीस माणसे मरण पावली. काठावर जंगली प्राणी दिसले म्हणून माणसे एका बाजूला सरकली आणि बोट कलंडली, असे वाचलेल्यांनी सांगितले. ७ मे २०२३ रोजी केरळातच मलप्पुरम जिल्ह्यात तानूर येथे बोट उलटून बावीस जणांचा अंत झाला. त्यांत मुलांचा भरणा होता आणि एकाच कुटुंबातली अनेक माणसे होती. मासेमारीची बोट सहलीसाठी बदलून घेतलेली, माणसे परवानगीपेक्षा जास्त, आणि वेळ दिवस मावळल्यानंतरची. तिन्ही चुका एकाच ठिकाणी जमल्या. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. तो समुद्रही नव्हता, शहरातला तलाव होता.

आपल्या मुंबईतली घटना तर ताजीच आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. धडक प्रवासी बोटीच्या चुकीने झाली नव्हती, हे खरे. पण त्या बोटीला चौऱ्याऐंशी प्रवाशांची परवानगी असताना आत शंभराच्या वर माणसे होती, आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. दुसऱ्याची चूक आपल्यावर येऊन आदळते तेव्हा आपली तयारी किती होती हाच प्रश्न उरतो. त्या अपघातानंतर गेटवेच्या बोटींत प्रवाशांनी लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले.

या सगळ्या घटना एकत्र ठेवून पाहिल्या तर तीच ती कारणे पुन्हा पुन्हा दिसतात. जास्त माणसे, एका बाजूला झालेली गर्दी, अंगावर जॅकेट नसणे, चुकीची बोट, चुकीची वेळ. यांपैकी एकही कारण असे नाही की जे सहलीचा आयोजक आधी दूर करू शकत नाही. तकदीरचा हवाला माणसाने आपले काम पुरे केल्यावर द्यावा, त्याआधी नाही.

कोणती बोट घ्यावी

पहिला सल्ला असा की माणसे वीस-पंचवीसच असतील तर अख्खी बोट घेण्याच्या भानगडीत पडूच नये. गेटवेहून घारापुरीला आणि मांडव्याला तिकिटाच्या बोटी नियमित जातात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सेवा २०२० पासून सुरू आहे. मुरूडजवळ राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा किल्ल्यापर्यंत स्थानिक लोकांच्या शिडाच्या होड्या चालतात. ज्यांचे बापजादे याच पाण्यात वाढले त्यांच्या हाती ती होडी असते. तेथे आपली वेगळी बोट नेण्याचे काही कारण नाही. घारापुरीला जायचे तर सोमवार टाळावा, लेणी बंद असतात.

बोट भाड्यानेच घ्यायची असेल तर ती प्रवासी बोट म्हणून नोंदलेली असावी. ओळखीच्या नाखवाची मासेमारीची होडी "स्वस्तात मिळते" म्हणून घेऊ नये. ती जाळी आणि मासळी वाहण्यासाठी बांधलेली असते. तिच्यावर बसायला बाके नसतात, धरायला कठडे नसतात, आणि माणसे मासळीसारखी एका जागी पडून राहत नाहीत.

प्रवासी बोटीला नोंदणी, ठराविक मुदतीचा पाहणी दाखला, प्रवाशांची ठरवून दिलेली संख्या, चालवणाऱ्याचा परवाना आणि विमा लागतो. याबाबतचा १९१७ चा जुना कायदा जाऊन आता २०२१ चा आंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. महाराष्ट्रात या कामावर देखरेख महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची असते. बंदरावर त्यांच्या अधिकाऱ्याचे कार्यालय असते. दाखला खरा की खोटा, मुदत संपली की नाही, हे तेथे जाऊन विचारता येते. एक माणूस अर्धा दिवस खर्च करून ही चौकशी करू शकतो. दाखला दाखवायला जो मालक कां-कूं करतो, त्याच्याकडून उठून यावे. बिलाशिवाय येणाऱ्या मालाकडे आपण ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने अशा बोटीकडे पाहावे.

घासाघीस कुठे थांबवावी

आपण व्यापारी आहोत. भाव करणे आपल्या रक्तात आहे. पण एक गोष्ट आपल्याइतकी कोणाला माहीत नाही. भाव फार पाडला की माल हलका येतो. बॅग शिवणाऱ्याला मजुरी कमी दिली की अस्तर हलके लागते, टाके लांब पडतात. बोटवाल्याचेही तसेच आहे.

पावसाळ्यात नेहमीच्या प्रवासी बोटी बंद असतात. उरलेल्या महिन्यांच्या कमाईत त्याला बोट किनाऱ्यावर ओढून घ्यायची असते, फळ्यांच्या सांधी बुजवायच्या असतात, तळाला रंग द्यायचा असतो, इंजिन खोलायचे असते आणि खलाशांचे पगार भागवायचे असतात. आपण भाडे पाच हजारांनी खाली ओढले तर तो ते कुठून तरी भरून काढणार. एक खलाशी कमी आणील, इंजिनाची दुरुस्ती पुढे ढकलील, नाही तर वाटेत आणखी दहा प्रवासी घेईल. मग ती बचत कोणाची झाली? रास्त भाडे द्यावे आणि त्या बदल्यात रास्त सोय मागावी, हा सरळ व्यवहार आहे. किनाऱ्यावरचा नाखवा, तांडेल, खलाशी हे लोक आपल्यासारखेच हातावर पोट असलेले आहेत. अनेक ठिकाणी तर ते आपल्याच बिरादरीतले आहेत.

करार कागदावर हवा

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण आपल्याला नवी नाही. मग ती फक्त जुमाच्या बयानात ऐकून सोडून का द्यावी? साध्या कागदावर, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी आणि दोन साक्षीदारांसमोर पुढील गोष्टी लिहाव्यात.

बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक, दाखल्याची मुदत आणि प्रवाशांची संख्या. चालवणाऱ्याचे नाव आणि बरोबर किती खलाशी असतील. मोठ्यांची किती आणि लहान मुलांची किती लाइफ जॅकेट मिळतील. निघण्याची व परतण्याची वेळ, कोणत्या धक्क्यावरून कोणत्या धक्क्यापर्यंत. एकूण भाडे, डिझेल त्यात धरले आहे की वेगळे, थांबण्याचे पैसे आहेत की नाहीत. आमच्या माणसांखेरीज बाहेरचा एकही प्रवासी बोटीत घेतला जाणार नाही, ही अट. इंजिन बंद पडले तर दुसरी बोट कोण आणणार, ही अट.

सर्वांत महत्त्वाची अट हवामानाची आहे. वारा उठला, बंदरावर बावटा चढला, किंवा तांडेल म्हणाला की आज जाणे बरे नाही, तर इसाराचे काय? भांडणे येथेच होतात. बोटमालक म्हणतो, मी दिवस अडकवून ठेवला. मंडळी म्हणतात, आम्ही बसलोच नाही तर पैसे कसले? इसार जप्त करता येतो की नाही याबद्दल फिकहच्या जाणकारांतही मतभेद आहेत. म्हणून अट आधीच ठरवून टाकावी. हवामानामुळे रद्द झाल्यास इसार पूर्ण परत, किंवा त्याच इसारावर दुसरी तारीख. आमच्याकडून रद्द झाल्यास किती दिवस आधी कळवले तर किती परत. यात दोघांचाही फायदा आहे.

आणि या अटीचा खरा उपयोग पैशांपेक्षा मोठा आहे. इसार बुडणार म्हणून पुष्कळदा लोक वाईट हवेतही निघतात. "पैसे तर गेलेच, आता जाऊन येऊ." ज्या आयोजकाने इसार परत मिळण्याची अट लिहून घेतली आहे तो धक्क्यावर उभा राहून शांतपणे "आज नाही" असे म्हणू शकतो. कागदाचा एक तुकडा माणसाला योग्य वेळी नाही म्हणण्याची ताकद देतो.

तारीख कशी ठरवावी

तारीख ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात. धंदा, समुद्र आणि चंद्र.

धंद्याचे पाहिले तर शिंपी, जरीवाले, टोपीवाले, बेकरीवाले, चपला-बॅगा करणारे यांना रमजानच्या आधीचे दोन महिने श्वास घ्यायला सवड नसते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. २०२६ साली तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला, २०३० च्या सुमारास तो जानेवारीत येईल. म्हणजे थंडीचे जे महिने सहलीला उत्तम तेच महिने कामाच्या गर्दीचे होत चालले आहेत. यापुढे काही वर्षे ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरची सुरुवात हा काळ आपल्याला अधिक सोयीचा पडेल. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बोटीचे नावही काढू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. ज्या समुद्रात मुरलेला कोळी जात नाही त्यात आपण कशाला जावे?

समुद्राचे पाहिले तर कोकणात सकाळी पाणी शांत असते आणि दुपारनंतर वारा वाढतो. म्हणून सकाळी लवकर निघावे आणि चार-साडेचारला परत धक्क्याला लागावे. सूर्यास्तानंतर बोटीत कोणी असू नये. जोहरची नमाज उतरलेल्या किनाऱ्यावर आरामात व्हावी असा वेळ ठेवावा. हलत्या बोटीत एका बाजूला सफा करून उभे राहण्याची वेळ आणू नये.

चंद्राचे ज्ञान तर आपल्या भिंतीवर लटकलेले असते. हिजरी तारीख पाहिली की समुद्राचा अंदाज येतो. चंद्र दिसतो त्या दिवसांत आणि चौदाव्या-पंधराव्या तारखेच्या आसपास उधाण असते. भरती मोठी, ओहोटीही मोठी, खाडीच्या तोंडाला पाण्याची ओढ जास्त. सातव्या-आठव्या आणि एकविसाव्या-बाविसाव्या तारखेच्या आसपास भांग असते, म्हणजे पाणी कमी चढते आणि कमी उतरते. बायका-मुलांच्या सहलीला भांगाचे दिवस बरे. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण-पाऊण तास पुढे जाते. खाडीतल्या धक्क्यावर ओहोटीला बोट लागत नाही, चिखलातून उतरावे लागते. म्हाताऱ्या माणसांचे पाय तिथेच घसरतात. तेव्हा त्या दिवसाची भरती-ओहोटी किती वाजता, हे तांडेलाला विचारून मगच वेळा छापाव्यात. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आदल्या संध्याकाळी जरूर पाहावा.

बोटीत बसल्यावर

येथे दोन माणसे नेमावीत. एकाच्या हाती यादी. धक्क्यावर नाव वाचून माणूस आत घ्यायचा, परततानाही तसेच. यादीची एक प्रत किनाऱ्यावर राहणाऱ्या जबाबदार माणसाकडे द्यावी. दुसऱ्याच्या हाती शिस्त. उठू नका, एका बाजूला जाऊ नका, वरच्या मजल्यावर चढू नका, हे सांगण्याचा अधिकार त्याला असावा आणि दुकानाच्या मालकानेही त्याचे ऐकावे. गेटवेच्या पाण्यात पक्ष्यांना खाऊ टाकण्यासाठी मुले एका कठड्याला गर्दी करतात. फोटो काढण्यासाठी मोठी माणसेही तेच करतात. थेक्कडीचे उदाहरण वर दिलेच आहे.

लाइफ जॅकेट बोटीत लटकत असून उपयोग नाही. ते अंगावर, सगळे बंद आवळून, निघण्यापूर्वी घातलेले पाहिजे. मोठ्याचे जॅकेट मुलाला घातले तर पाण्यात मूल खालून निसटते, म्हणून मुलांच्या मापाची जॅकेट आधीच मोजून घ्यावीत. बहिणींनी ते बुरख्याच्या वरून घालावे, आतून नाही. लाजेखातर "आम्हाला नको" म्हणणाऱ्यांना घरच्या माणसांनी समजावून सांगावे. बोटमालकाकडे जॅकेट कमी असतील तर तेवढी माणसे कमी न्यावीत. हा हिशेब पुन्हा डोक्यांचाच आहे.

देग किनाऱ्यावरून शिजवून आणावी. बोटीत शेगडी किंवा गॅसची टाकी पेटवू नये. भरलेली देग दोन-तीन माणसांच्या वजनाची असते. ती खाली आणि मध्यभागी ठेवावी. जनरेटर, मोठे स्पीकर ही ओझी घरी ठेवावीत. समुद्रात मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. तो चार-पाच जणांच्या मोबाइलमध्ये आधीच भरून ठेवावा.

कारागिराचा दिवस आणि लोकांचा पैसा

शेवटी पैशांबद्दल दोन शब्द, कारण व्यापाराच्या पानावर ते टाळता येत नाहीत.

नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराला सहल फुकट कधीच पडत नाही. त्याची वर्गणी जाते आणि त्या दिवसाची मजुरीही जाते. कुटुंबात पाच माणसे असली तर त्याची पाच वर्गण्यांची बाजू. मालक "चल रे" म्हणतो म्हणून तो येतो आणि पुढच्या महिन्यात उचल मागतो. ही खुशी नव्हे. आमचे म्हणणे असे की मालकाने त्या दिवसाची सरासरी मजुरी द्यावी आणि बोटीचे भाडे आपल्या खात्यातून भरावे. कारागिराने फार तर जेवणाचा खर्च द्यावा. आणि ज्याला यायचे नाही त्याच्याकडून एक पैसा कापू नये, त्याला टोमणेही मारू नयेत. वर्षाला एवढा खर्च ज्याला झेपत नाही त्याने मोठी सहल काढू नये. तिकिटाच्या बोटीने दहा-दहा माणसे पाठवावीत.

वर्गणी घेणारा एक आणि हिशेब लिहिणारा दुसरा असावा. प्रत्येक रुपयाची पावती द्यावी. सहलीनंतर आठवड्याच्या आत जमा-खर्च सर्वांसमोर वाचावा. पैसे उरले तर ते कोणाचे? ज्यांनी दिले त्यांचे. काही ठिकाणी उरलेली रक्कम परस्पर मदरशाच्या किंवा मशिदीच्या पेटीत टाकतात आणि विषय संपवतात. हेतू चांगला असेल, पण दुसऱ्याच्या पैशाने दिलेली देणगी ही देणगी होत नाही. आधी विचारावे. सगळे हो म्हणाले तर खुशाल द्यावी.

अशा सहलींचे आयोजन करणारे बहुतेक तरुण असतात. उत्साही असतात, पदरचे पैसे घालून धावपळ करतात. त्यांच्यावर टीका करण्यासाठी हे लिहिलेले नाही. त्यांच्या हाती एक अधिकार यावा म्हणून लिहिले आहे. पंचेचाळीस झाले की "यादी बंद" म्हणण्याचा अधिकार. मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी तो अधिकार त्यांना उघडपणे द्यावा, आणि स्वतःचा भाचा शेहेचाळिसावा असेल तर सर्वांत आधी त्यालाच घरी ठेवावे. ज्या मंडळात वडील मंडळी एवढे करतील त्या मंडळाची सहल, इन्शाअल्लाह, सुखरूप परत येईल. या हंगामात वर्गणीचा पहिला रुपया घेण्यापूर्वी बोटीचा दाखला हातात घ्या. त्यावरचा आकडा वर्गणीच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. मग खुशाल नावे लिहायला सुरुवात करा.